समुद्रात गेलेली पोरगी आणि आमची विहीर

अमरावतीच्या स्विमिंग पूलवर मुलीला सोडायला गेले, की क्लोरीनच्या वासाने मी थेट मूर्तिजापूरजवळच्या आमच्या मळ्यातल्या विहिरीवर जाऊन पोचते.

तेव्हा मी दहा वर्षांची होते. अकोल्याला मावशीकडे टीव्हीवर एक जपानी कार्टून सिनेमा पाहिला होता. त्यात माझ्याएवढी पोरगी हरवलेल्या भावाला शोधत समुद्राच्या तळाशी जाते. घरी आल्यावर मी तरंगायला म्हणून पाठीला रिकामा डबा बांधला आणि विहिरीच्या काठावर उभी राहिले.

काका ओरडले, “पोरीच्या जातीले कायले पाह्यजे पोहणं? हट तिथून!”

“थे पोरगी समुद्रात गेली, मले विहीरबी नाई?” म्हणत मी उडी मारली.

नाकातोंडात हिरवं, थंडगार पाणी गेलं. खोकत वर आले, तर काकांशेजारी आई उभी. त्यांच्यापुढे तिने कधी तोंड उघडलं नव्हतं. डोक्यावरची वांग्यांची टोपली तिने खाली ठेवली.

“भेऊ नको. अजून एक उडी मार. मी हावो न इथं.”

तेव्हा मला वाटलं, शूर मीच. आज मला तिचा तो न कापणारा आवाज आठवतो.

काका आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. आईने दुसऱ्याच दिवशी माझ्या धाकट्या बहिणीलाही विहिरीवर आणलं.