नाडीची बाजू

ऐंशीच्या दशकात जर्सी सिटीच्या मैदानावर आम्ही काही मराठी मंडळी रविवारी फुटबॉल खेळत असू. सत्तरी ओलांडलेले एक अमेरिकन गृहस्थ नेमानं बघायला येत. हा खेळ अमेरिकेत फारसा कुणाला ठाऊक नव्हता त्या काळात, तरुणपणी, ते एका गिरणीच्या संघातून खेळले होते. हातांवर त्यांचा विश्वास नव्हता. गाडीचं दार ते टाचेनं लावत. कुणी संत्रं फेकलं, तर छातीवर घेत. आमची मुलं त्यांना काका म्हणत, मग आम्हीही म्हणू लागलो.

एकदा आमचा एक गडी आला नाही, म्हणून काका ऑफिसच्या बुटांवर मैदानात उतरले. तोवर आम्ही एकही सामना जिंकलो नव्हतो. त्या दिवशी बरोबरी होती आणि शेवटचा कॉर्नर काकांकडे आला. त्यांनी चेंडू ठेवला, उचलला, फिरवून पुन्हा ठेवला.

"काका, किक मारा! टाइम संपतोय!" आमचा सुहास गोलसमोरून ओरडला.

"नाडी शोधतोय. तुझ्या कपाळाला लागेल!"

त्यांच्या काळी चामड्याच्या चेंडूचं तोंड बुटासारखं जाड नाडीनं बांधलेलं असे आणि ती हेडर मारणाऱ्याचं कपाळ फोडी.

"आता बॉलला नाडी नसते, काका!"

"मग डोकं घाल!"

चेंडू आला. सुहासनं भीतीनं डोळे मिटले. चेंडू त्याच्या कपाळावर आपटून थेट गोलमध्ये गेला. आम्ही किंचाळत त्याच्यावर कोसळलो. काकांनी त्याला ढिगातून ओढून काढलं आणि अंगठ्यानं त्याचं कपाळ चाचपलं.

"रक्त नाही," त्यांनी जाहीर केलं आणि मगच ते नाचायला लागले.