दोन सकाळींचा प्रोग्रॅम

आमच्या इंदापूर तालुक्यात सत्तरीच्या माणसाला 'बॉय' म्हणतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. तात्यांना सगळे चिटबॉयच म्हणायचे. साखर कारखान्याचा चिटबॉय म्हणजे शेतकऱ्यांच्या उसाची नोंद ठेवणारा आणि ऊस पिकला की तोडणीची चिठ्ठी देणारा माणूस. तात्या नोकरीला लागले तेव्हा खरोखरच बॉय होते. निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या थोरल्या नातवाला मिसरूड फुटलं होतं, पण हुद्दा होता तोच राहिला. एकदा बँकेतल्या नव्या साहेबानं अदबीनं त्यांना 'चिटमॅन' म्हटलं, तर तात्या म्हणाले, "सायेब, पगार वाढला न्हाय, मग नाव कशाला वाढवताय?"

रानात शिरले की तात्या आधी उसाचं एक कांडं मोडून चावायचे. डोळे मिटून दोन-तीनदा चघळायचे आणि सांगायचे, "बारा दिस थांब." कारखान्यानं गोडी मोजायचं एक छोटं यंत्र दिलं होतं. ते डोळ्याला लावायच्या आधीच तात्यांनी आकडा सांगितलेला असायचा, आणि यंत्रानं काही वेगळं दाखवलं तर ते यंत्र पुसून घ्यायचे. ज्याची तोड यायची आहे त्याच्या घरचा चहाही ते घेत नसत. "तोड झाल्यावर जेवायलाच येतो की," म्हणायचे, आणि जायचेही. सणसरपासून निरवांगीपर्यंत त्यांच्याविषयी वाकडा शब्द बोलणारा माणूस मला तरी भेटला नाही. निरवांगी तर त्यांचं गावच.

आमचा लॉज इंदापुरात, जुन्या हायवेच्या कडेला. आठ खोल्या, खाली काउंटर आणि बाहेर बाकडं. माझ्या आजोबांनी बांधलेला. बायपास झाला आणि ट्रकवाले, ट्रॅव्हल्सवाले सगळे परस्पर निघून जायला लागले. वर्षभर अब्बांनी वाट पाहिली आणि मग म्हणाले, "उन्हाळ्यापतुर बघू. न्हायतर खतवाल्याला गोडाऊनला देऊन टाकू." खतवाला एकदा टेप घेऊन येऊन खोल्या मोजूनही गेला. आजोबांच्या खोल्यांत युरियाची पोती रचलेली मला बघवणार नव्हती. मी तापट माणूस आहे. अब्बांशी या विषयावर दोनदा कडाक्याचं भांडलो आणि दोन्ही वेळा हरलो, कारण खोल्या खरंच रिकाम्या होत्या.

तात्या बाजारच्या दिवशी आमच्या बाकड्यावर येऊन बसत. पुण्याकडच्या गाड्या थांबायच्या, काच खाली व्हायची आणि प्रश्न यायचा, पळसदेवचं पाण्यातलं देऊळ कुठं? उजनीच्या पाण्यात आमचं जुनं पळसदेव बुडालंय, पाणी उतरलं की देऊळ वर येतं, ते बघायला ही माणसं यायची. बघायची, फोटो काढायची आणि अंधार पडायच्या आत पुण्यात. तात्या त्यांच्या पायांकडे बघायचे. चहाला टेकल्यावर ज्यानं चपला काढल्या तो जरा बसेल, ज्याच्या बुटाची नाडी घट्ट तो गाडी चालू ठेवूनच आलाय, असा त्यांचा हिशोब होता. एके दिवशी पाचवी गाडी तशीच निघून गेली आणि तात्यांचा पारा चढला. मला म्हणाले, "शकीलराव, हजार वर्सांचं देऊळ हाय, दोन नद्यांचा संगम हाय, भर गावात गढी हाय. आन् माणसं हितं चहा पिऊन जात्यात. आमी काय यष्टी स्टँड हाय व्हय?"

मी म्हणालो, "मग काय करायचं?"

"मी प्रोग्रॅम लावतो."

प्रोग्रॅम म्हणजे कुणाचा ऊस कधी तोडायचा याचा कारखान्याचा क्रम. उभ्या जन्मात तात्यांनी तेच केलं होतं. आठ दिवसांनी ते कागद घेऊन आले, लाल-निळ्या पेन्सिलीनं रेघा मारलेला. एका दिवसात सतरा ठिकाणं. बारामतीतल्या कऱ्हेकाठच्या देवळांपासून सुरुवात, मग वाटेतलं एकूण एक गाव, कुठं जुनी बारव, कुठं वीरगळ, कुठं नुसताच पार. मी विचारलं, "तात्या, पाराला काय बघायचं?" तर म्हणाले, "त्या गावाला पाळी नको? उद्या तक्रार आली म्हंजी?" आयुष्यभर ज्यानं कुणाची पाळी चुकवली नाही त्या माणसाला मी काय सांगणार होतो!

माझ्या एका मित्राच्या ओळखीनं पुण्याच्या निवृत्त शिक्षकांचा गट आला. अकरा जण, आणि त्यांच्या पुढारी एक मुख्याध्यापिका बाई, कपाळाला आठी आणि हातात वही. एका रात्रीसाठी खोल्या सांगितल्या होत्या. अब्बांनी नव्या चादरी काढल्या. तात्या टेम्पोच्या पुढच्या सीटवर कागद धरून बसले आणि प्रत्येक ठिकाणी पंधरा मिनिटं झाली की टाळी वाजवायचे. बिचारे मास्तर लोक आयुष्यभर पोरांना रांगेत उभं करत आले, त्या दिवशी तात्यांनी त्यांना पळवलं. दुपारनंतर एक गुरुजी टेम्पोतून उतरेचनात. संगमावरच्या नरसिंहपूरला पोचलो तेव्हा दिवस मावळला होता आणि घाटावरून नदी नीट दिसेना. लॉजवर आल्यावर बाईंनी वही मिटली आणि म्हणाल्या, "छान झालं. सगळं बघून झालं. आता राहून काय करायचं? निघतो आम्ही." नव्या चादरींवर कुणी बसलंसुद्धा नाही.

मी चिडलो होतो आणि चिडलो की मला वय-बिय काही दिसत नाही. तात्यांना म्हणालो, "तुमचा प्रोग्रॅम घाला चुलीत." अब्बांनी मला दटावलं. तात्यांनी मात्र बाकड्यावर बसून तो कागद पुन्हा उलगडला. म्हणाले, "पोरा, तुजं बरोबर हाय. मी टनेज बघितलं, उतारा न्हाय बघितला." उतारा म्हणजे टनामागं साखर किती निघते ते. गाळप वाढवायच्या नादात कोवळा ऊस तोडला की वजन भरतं आणि साखर निघत नाही. असा ऊस तोडणाऱ्यांना तात्यांनी जन्मभर शिव्या घातल्या होत्या. आणि आज ते स्वतःच त्यांच्यातले झाले होते. एवढा मोठा माणूस माझ्यासारख्या कालच्या पोरासमोर चूक कबूल करतो, याचीच मला लाज वाटली. मी जाऊन चहा सांगितला.

दुसऱ्या दिवसापासून तात्या मला मोटारसायकलवर मागं बसवून हिंडायला लागले. आता ते ठिकाणं मोजत नव्हते, ती कधी पिकतात ते बघत होते. एकाच जागी सकाळी जायचं, दुपारी जायचं, संध्याकाळी जायचं आणि नुसतं बसायचं. मला वैताग यायचा. नरसिंहपूरच्या घाटावर तिसऱ्यांदा बसलो तेव्हा मी म्हणालो, "काय बघताय एवढं? नदीच आहे." तात्या म्हणाले, "गप ऱ्हा. रान चाखतोय." आणि खरं सांगायचं तर उगवतीला नीरा-भीमेचं पाणी उजळत जातं, देवळातली घंटा पायऱ्यांवर ऐकू येते, ते मीही जन्मात पहिल्यांदाच बघत होतो. इंदापूरचा असून. पळसदेवला होडीवाल्यानं सांगितलं की दहानंतर वारं सुटतं, पाणी खवळतं आणि होडी देवळाजवळ धरवत नाही. तोवर पलीकडच्या उथळ पाण्यातले रोहित पक्षीही उठून जातात. तात्यांनी खिशातून पेन्सिल काढली.

महिन्याभरानं कागद तयार झाला. फक्त तीन ठिकाणं. मी म्हणालो, "तात्या, सतरावरून तीन?" तात्यांनी कागदावर बोट ठेवलं. "नरसिंगपूर पिकतंय सकाळी. पळसदेव पिकतंय सकाळी. दोनी बघायची तर माणसाला दोन सकाळी लागत्यात. आन् एका दिसाला दोन सकाळी कुणाला मिळत्यात का?" मला आधी कळलंच नाही. मग कळलं. आदल्या संध्याकाळी यायचं, गढीवर जायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी नरसिंहपूर, तिसऱ्या दिवशी सकाळी पळसदेव. दोन मुक्काम झाल्याशिवाय प्रोग्रॅम पुराच होत नव्हता. पर्यटनाचं शिकून आलेली, लॅपटॉप घेऊन फिरणारी माणसं नंतर मला भेटली. त्यांच्याकडे नकाशे होते, तक्ते होते. एवढं साधं कुणी सांगितलं नव्हतं.

मधली दुपार मात्र कोरी होती. "इथं काय?" मी विचारलं. "पडीक," तात्या म्हणाले. "ऱ्हाऊ दे तशीच. जेवू दे, झोपू दे." माणूस एवढ्या लांबून येऊन झोपेल कशाला, असं मला वाटत होतं.

या कागदात निरवांगी नव्हती. स्वतःच्या गावाचं नाव तात्यांनी स्वतःच्या हातानं खोडलं होतं. गावात हे कळलं तेव्हा पारावर त्यांना चांगलंच झापलं. "तात्या, सगळ्यांच्या पाळ्या लावल्या आन् आपलंच गाव टाकलं व्हय?" मी तिथंच होतो. तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "आपला घाट चांगलाच हाय. पण आधी लागण धरू द्या. आपलं गाव खोडव्याला." लागण म्हणजे उसाची पहिली लावण आणि एकदा तोडलेल्या उसाच्या बुडातून जे दुसरं पीक येतं तो खोडवा. म्हणजे जो पाहुणा दुसऱ्यांदा येईल त्याच्यासाठी निरवांगी. पारावरचे हसले, पण दोघं-तिघं पुढं कितीतरी दिवस तात्यांशी बोलत नव्हते, आणि ते त्यांना लागलं होतं हे मला ठाऊक आहे.

मुख्याध्यापिका बाईंना फोन मीच केला. आधी माफी मागितली, मग विनवलं. त्या सहा जणांना घेऊन आल्या, कपाळाची आठी तशीच. पण या वेळी तात्यांनी टाळी वाजवली नाही. गढीवरून उतरताना बाईंनी घड्याळ बघितलं तर म्हणाले, "बाई, घाई न्हाय. गढी कुठं जात न्हाय." नरसिंहपूरच्या घाटावर ते सगळ्यांपासून लांब जाऊन बसले. पडीक दुपारी आमच्या वरच्या मजल्यावर सहाही जण गाढ झोपले आणि उठल्यावर एक गुरुजी मला म्हणाले की निवृत्तीनंतर अशी झोप पहिल्यांदाच लागली. पळसदेवला होडी शिखराला वळसा घालून थांबली तेव्हा बाईंनी वही उघडलीच नाही.

परत आलो. प्रोग्रॅम संपला होता. पिशव्या खाली आणून ठेवलेल्या, अब्बा काउंटरवर, टेम्पोवाला काच पुसत होता. बाईंनी तात्यांना विचारलं, "आज दुपारनंतर काय आहे?"

"आज काय न्हाय, बाई. आज नुसतंच हाय."

बाई बाकड्यावर बसल्या. त्यांनी चपला काढल्या, पाय वर घेतले आणि अब्बांना म्हणाल्या, "मग आजही राहतो आम्ही. चालेल ना?"

अब्बांनी मान हलवली. पिशव्या ते स्वतःच उचलून वर न्यायला लागले. दुपारी नेमका खतवाला आला, जिन्याखाली उभा राहून मोठ्यानं विचारायला लागला की खोल्या कधी रिकाम्या करून देताय. अब्बा तोंडावर बोट ठेवून म्हणाले, "हळू बोला. वर माणसं झोपल्यात."

त्यानंतर तो गोडाऊनचा विषय आमच्या घरात निघाला नाही. आज पुण्या-मुंबईहून गट येतात, नरसिंहपुरात दोन घरांनी पाहुणे ठेवायला सुरुवात केली, पळसदेवच्या होडीवाल्यानं दुसरी होडी घेतली. निरवांगीलाही पाळी मिळाली, कारण माणसं दुसऱ्यांदा यायला लागली. तात्या बाकड्यावर बसून येणाऱ्यांच्या चपला बघायचे. कुणी मोठ्या कंपनीचा माणूस आला आणि प्रोग्रॅममध्ये आणखी चार ठिकाणं घाला म्हणाला, की ते माझ्याकडे बघायचे आणि मी नाही म्हणायचो. असा माणूस आपल्या बाकड्यावर बसायचा, याचा मला आजही केवढा अभिमान वाटतो म्हणून सांगू!

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी तात्या गेले. अंगणात तोंड धुताना खाली बसले ते उठलेच नाहीत. त्यांच्या मुलाचा मला फोन आला. लांबलांबचे पाहुणे मातीला निघालेत, सावडण्यापर्यंत थांबतील, घर पुरणार नाही, चार खोल्या ठेव, असं तो म्हणाला. मी रजिस्टर उघडलं. आठही खोल्या भरलेल्या होत्या. एकही रिकामी नाही. बघतो म्हणून मी फोन ठेवला आणि अब्बांना सगळं सांगितलं.

काउंटरपाशी उभ्या असलेल्या दोन कुटुंबांनी ते ऐकलं आणि म्हणाले, आम्ही आजच निघतो, आमच्या खोल्या त्यांना द्या. चांगली माणसं होती. पण अब्बा उठून उभे राहिले. "न्हाय," ते म्हणाले. "तात्यानं तुमाला दोन सकाळी दिल्यात. एक घेऊन कसं जाता?" मग ते मागं आमच्या घरात गेले आणि गाद्या ओढायला लागले. मी धावलो, तर मला म्हणाले, तू निरवांगीला जा, खांदा द्यायला.

माती झाल्यावर तात्यांच्या मुलाला आणि पाहुण्यांना घेऊन मी लॉजवर आलो. अब्बा दारातच होते. त्यांनी मुलाचा हात धरला. "खोल्या भरल्यात," ते म्हणाले, आणि एवढं बोलताच त्यांना रडू फुटलं. "तुज्या बापानं भरल्यात. तुमी माज्या घरात ऱ्हावा."