वरच्या मजल्यावरचं जादा ताट

कृष्णाबाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं त्यांचे यजमान अप्पासाहेब चारचौघांत म्हणायचे आणि कृष्णाबाई पदराआड हसायच्या. अप्पासाहेब गेले आणि ती थट्टाही गेली, कारण तीळ भिजो न भिजो, ऐकायलाच कुणी उरलं नाही. शिवाजीनगरच्या बसस्टँडपासून जवळच्या गल्लीत त्यांचं दुमजली घर होतं. आपलं घराणं शहाजीराजांच्या फौजेबरोबर बंगळुरात आलं, हे त्या दूधवाल्यालासुद्धा सांगायच्या. इतकी शतकं परमुलखात जपलेली मराठी शेवटी एका पिढीत आटली. मुलगा ऋतुराज राजाजीनगरला वेगळा राहत होता. सून कन्नड होती आणि नातवंडं कन्नड नाहीतर इंग्रजी बोलायची. मुलगा फोन करायचा तेव्हा तोही कन्नडात 'हेळम्मा', बोल आई, म्हणूनच सुरुवात करायचा. गल्लीत उर्दू, तमिळ, कन्नड सगळं कानावर पडे, पण मराठी ऐकायची तर कृष्णाबाईंना देवापुढं स्वतःशीच पुटपुटावं लागे.

अप्पासाहेबांच्या माघारी त्यांनी वरचा मजला हॅलिडे कुटुंबाला दिला. न्यूझीलंडहून आलेले मार्टिन आणि रूथ दोघंही कॅन्टोन्मेंटमधल्या एका मिशनच्या शाळेत शिकवायचे. तो गणित शिकवी, ती इंग्रजी आणि गाणं. मिशनरी म्हटल्यावर गल्लीतल्या चार जणांनी नाकं मुरडली. कृष्णाबाईंनी त्यांना सांगून टाकलं की मी भाडेकरू ठेवलाय, त्याचा देव नाही.

वरच्या घराच्या तऱ्हा त्यांना जिन्याच्या तोंडाशी बसून पाठ झाल्या. रूथ भाजी गुलाबी औषधाच्या पाण्यात धुवायची आणि पिण्याचं पाणी असं उकळायची की पाण्याचाही जीव जावा. मायदेशाहून पार्सल आलं की त्यातला काळा खारट लेप पावाला लावून तिघं जण सण असल्यासारखं खायची. संध्याकाळी मार्टिन वह्या तपासायचा आणि रूथ विणत बसायची. आठ वर्षांची एल्सी मात्र खाली कृष्णाबाईंच्या स्वयंपाकघरात असायची. वर्षभरात ती पोर फाडफाड मराठी बोलू लागली, तीसुद्धा कन्नड 'स्वल्प' आणि 'अय्यो' घातलेली, थेट कृष्णाबाईंचीच. ती त्यांना अज्जी म्हणायची. त्या दोघींच्या कुजबुजीतलं वर रूथला एक अक्षर कळत नसे, आणि याचा कृष्णाबाईंना मनातून फार आनंद होई.

त्या घरात दोन गोष्टी धर्मासारख्या पाळल्या जात. पहिली, खोटं बोलायचं नाही. एकदा एल्सीच्या हातून कृष्णाबाईंचा कुंकवाचा करंडा फुटला, कुणी पाहिलं नव्हतं, तरी रूथने तिला हाताला धरून खाली आणलं आणि कबूल करायला लावलं. दुसरी गोष्ट म्हणजे रविवारी दुपारी टेबलावर एक ताट जादा मांडलेलं असायचं. ते न बोलावता येणाऱ्या पाहुण्यासाठी. कुणी आलं तर त्याला काही न विचारता जेवायला बसवायचं. कृष्णाबाईंना हे पटलं होतं. अतिथीला पाठवू नये, हे त्यांच्या घरातही होतंच.

पण त्या घराला एक घोर लागलेला होता आणि तो कृष्णाबाईंना ठाऊक होता. सरकारने त्यांना इथं राहू दिलं होतं ते शिक्षक म्हणून. धर्माचं काम करायची परवानगी नव्हती. मार्टिन मात्र दर शनिवारी पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वस्तीत जायचा, तिथल्या छोट्या कारखान्यांतल्या कामगारांना लिहायला-वाचायला शिकवायचा आणि शिकवणी संपली की जे थांबतील त्यांच्याबरोबर प्रार्थना करायचा. दर वर्षी परवान्याची मुदत वाढवायची वेळ आली की रूथचा चेहरा उतरायचा. तिने स्वतःच कृष्णाबाईंना मोडक्या कन्नडात हे सांगितलं होतं आणि कुणाजवळ बोलू नका अशी विनंती केली होती. एल्सी तान्ही असल्यापासून याच देशात वाढलेली, तिला दुसरं घर माहीत नाही, हेही सांगितलं होतं.

एका शनिवारी पीण्याचा दामोदर नावाचा लेथवरचा कामगार घरी आला. त्याला बाप्तिस्मा हवा होता आणि तो कारखान्याजवळ नको होता. मागच्या अंगणात कृष्णाबाईंचा मोठा निळा ड्रम होता, एक दिवसाआड येणारं कावेरीचं पाणी त्यात भरून ठेवलेलं असे. मार्टिनने तो संकोचत मागितला. पाणी वाया जाणार म्हणून त्या कुरकुरल्या, पण 'सरी', बरं, म्हणाल्या आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं बघत राहिल्या. दामोदर अंगाने आडवा. तो ड्रममध्ये शिरता शिरेना, निम्मं पाणी अंगणात सांडलं आणि मार्टिन स्वतःच नखशिखांत भिजला. अप्पासाहेब असते तर त्यांना हे कधी सांगते असं कृष्णाबाईंना झालं. त्या घटनेला बाहेरचं कुणी साक्षी नव्हतं.

शहाण्णव सालची संक्रांत आली. बंगळुरात त्या दिवशी बायका-पोरी एळ्ळु-बेल्ल वाटत फिरतात, तीळगूळ कुणी म्हणत नाही. दुपारी फाटकाशी एक माणूस आला. पांढरा सदरा, तेल लावून चापून बसवलेले केस, हातात कागदाची पुडी. त्याने फाटकावरून हात पुढं केला आणि म्हणाला, "तीळगूळ घ्या काकू, गोड बोला."

कृष्णाबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. कित्येक वर्षांत त्यांना कुणी काकू म्हटलं नव्हतं. विश्वास पानिपतावर गेला, असं आपलीच माणसं म्हणतात. पण परमुलखात कुणी मराठीत दोन गोड शब्द बोललं की हीच माणसं दार सताड उघडतात, आणि हा भोळेपणा काही एकट्या कृष्णाबाईंचा नाही. त्यांनी त्याला आत बोलावलं, ओसरीवर पाट मांडला. त्याचं नाव अरविंद. तो निपाणीचा, पीण्यात एका कंपनीच्या ऑफिसात कामाला होता आणि भाड्याने खोली शोधत होता. फाटकाच्या पाटीवरची दोन आडनावं, त्यातलं एक मराठी, वाचून डोकावलो, असं म्हणाला. खोली नव्हती. पण रविवार आला की वर एक ताट जादा असतं, हे कृष्णाबाईंनी त्याला तिथल्या तिथं सांगून टाकलं. पुढच्या रविवारी त्यांनीच त्याला जिना दाखवला.

मग तो येतच राहिला. वर जेवायचा तेव्हा फारसं बोलायचा नाही, नम्रपणे मान हलवायचा. रूथला तो सज्जन वाटला, मार्टिनला तर देवानेच धाडल्यासारखा वाटला. जेवून तो खाली यायचा आणि कृष्णाबाईंजवळ तासन् तास बसायचा. त्यांच्या घराण्याची गोष्ट त्याने तीनदा ऐकली, तिन्ही वेळा तितक्याच आवडीने. मधूनच वरच्यांबद्दल काहीबाही विचारायचा. साहेब शनिवारी दिसत नाहीत ते कुठं जातात, कोण कोण भेटायला येतं. एकदा बोलता बोलता त्याचं गाव निपाणीचं खानापूर झालं. कृष्णाबाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पण त्यांनी तिला हाकललं. एक आजोळ असेल, असं स्वतःच ठरवलं. मराठीचा एवढा झरा दारात आलेला, तो गढूळ आहे असं म्हणायला जीभ धजेना.

एल्सीला तो आवडला नव्हता. एका रविवारी ती खाली येऊन कृष्णाबाईंना म्हणाली, "अज्जी, प्रार्थनेला सगळे डोळे मिटतात ना, अरविंदमामा मिटत नाही. तो एकेकाचं तोंड बघतो. हळू हळू. मग कपाटाकडे बघतो." हे तिने आईलाही सांगितलं होतं. पण तू डोळे उघडलेस म्हणूनच तुला दिसलं ना, एवढंच रूथला खटकलं आणि पोरीला त्याबद्दल माफी मागावी लागली. कृष्णाबाईंनी ती हकीकत हसण्यावारी नेली. त्या रात्री मात्र त्यांना आठवलं की अरविंद ओसरीवरही कधी दाराकडे पाठ करून बसत नाही.

दसऱ्याच्या सुमाराची एक दुपार होती. कृष्णाबाईंनी चकल्या तळल्या होत्या आणि अरविंद समोर बसला होता. बोलणं रंगलं, आणि रंगलेल्या बोलण्यात ती ड्रमची गोष्ट आपोआप आली. कृष्णाबाईंनी ती साग्रसंगीत सांगितली. तो आडव्या अंगाचा माणूस, सांडलेलं पाणी, साहेबाचे भिजलेले कपडे. सांगता सांगता त्या स्वतःच हसून लाल झाल्या. अप्पासाहेब गेल्यापासून त्या इतक्या हसल्या नव्हत्या. मान वर करून पाहतात तो अरविंद हसत नव्हता. हातातली चकली त्याने ताटलीत जशीच्या तशी ठेवली.

"काय नाव म्हणालात त्या माणसाचं?"

कृष्णाबाईंनी नाव अजून घेतलंच नव्हतं. क्षणभर त्यांना वाटलं, नको. पण पाहुणा विचारतोय, तोही आपल्या भाषेत, आणि नाही म्हणायची सवयच त्या जिभेला नव्हती.

"दामोदर," त्या म्हणाल्या.

त्यानंतर अरविंद आला नाही. पहिल्या रविवारी जादा ताट रिकामं राहिलं, दुसऱ्याही रविवारी राहिलं. पीण्याच्या शिकवणीला दामोदरही येईनासा झाला. मार्टिन चौकशीला गेला तर कळलं की त्याचे भाऊ येऊन त्याला गावी घेऊन गेले, आणि कुठल्या गावी ते सांगायला कुणी तोंड उघडेना. कृष्णाबाईंना जेवण गोड लागेना. जिन्यावर पावलं वाजली की हातातलं काम थांबायचं. दारापुढं एखादी जीप मंदावली तरी त्या देवघरात जाऊन बसायच्या.

शेवटी मार्टिनला सरकारी कचेरीतून बोलावणं आलंच. तो सकाळी गेला तो दिवस कलल्यावर परतला. रूथ खाली आली, पाटावर बसली आणि तिने थांबत थांबत सगळं सांगितलं. समोरच्या अधिकाऱ्याने आवाजसुद्धा चढवला नव्हता. त्याला पीण्याचं ठाऊक होतं, दामोदरचं नाव ठाऊक होतं. आणि त्याने विचारलं होतं, मागच्या अंगणातल्या निळ्या ड्रममध्ये तुम्ही त्याला बुडवलंत हे खरं का.

कृष्णाबाईंची नजर मागच्या अंगणाकडे गेली. तो ड्रम खिडकीतून दिसत होता. मार्टिनने काय उत्तर दिलं, असं त्यांनी कसंबसं विचारलं. आंघोळ करत होता म्हणायचं, पाणी भरत होता म्हणायचं, काहीही म्हणायचं. ड्रम माझा आहे, मी येऊन सांगते, असंही त्या म्हणाल्या.

रूथ म्हणाली, "त्यांनी 'हे खरं का?' असं विचारलं, अज्जी. मार्टिनने खरं सांगितलं."

नाताळच्या आत देश सोडायचा होता. वरच्या मजल्यावर पत्र्याच्या पेट्या भरल्या जाऊ लागल्या. रात्रीच्या प्रार्थनेचे सूर जिन्यावरून खाली येत, आणि ज्या कुणी हे सांगितलं त्याला क्षमा कर, असं मार्टिन रोज मागतो, हे एल्सीने अज्जीला येऊन सांगितलं. ते ऐकून कृष्णाबाई दळण निवडत होत्या तशाच निवडत राहिल्या, फक्त खडे सुपात आणि गहू बाहेर पडू लागले. कबूल करावं असं त्यांना रोज वाटे. जिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीपर्यंत त्या जातही, आणि गुडघ्यांचं निमित्त करून परत फिरत.

निघायच्या दिवशी टॅक्सी दारात उभी होती. एल्सी स्वयंपाकघरात आली. तिच्या हातात ते जादा ताट होतं, पांढरं, निळ्या काठाचं. आई म्हणते हे तुमच्याकडे राहू दे, कुणी उपाशी आलं तर यात वाढा, असा निरोप तिने दिला. मग ती तिथंच उभी राहिली.

"अज्जी, ड्रमचं तू कुणाला सांगितलंस का?"

ते लख्ख डोळे वर लागले होते. फुटलेल्या करंड्यासाठी याच जागी उभी राहून रडलेली पोर ती.

"मी नाही बाई," कृष्णाबाई म्हणाल्या. "मी कशाला सांगू?"

 एल्सीने ताट ओट्यावर ठेवलं, अज्जीच्या कमरेला मिठी मारली आणि बराच वेळ सोडली नाही. पोरीला सगळं कळलंय, हे कृष्णाबाईंना त्या मिठीतच समजलं. टॅक्सी वळणापलीकडे गेल्यावर गल्ली पूर्वीसारखी झाली. घरात आता मराठी शब्द उरला नव्हता, पुटपुटायलासुद्धा कृष्णाबाईंना धीर होईना.

महिना उलटायच्या आतच संक्रांत आली. दुपारी फाटक वाजलं. पांढरा सदरा, चापून बसवलेले केस, हातात पुडी. जणू मध्ये काही घडलंच नव्हतं.

"तीळगूळ घ्या काकू," अरविंद म्हणाला. "गोड बोला."

आत ओट्यावर निळ्या काठाचं ताट होतं. कृष्णाबाई उंबऱ्यातून हलल्या नाहीत.  साडेतीनशे वर्षं घराण्याने जी जपली ती भाषा त्यांनी त्या क्षणी घशाखाली ढकलली आणि कन्नडात म्हणाल्या, "ननगे मराठी बरल्ला." मला मराठी येत नाही.

अरविंदने त्यांच्याकडे पापणी न हलवता पाहिलं. मग तो हसला, पुडी फाटकाच्या खांबावर ठेवली आणि तितक्याच गोड, जन्मापासूनची असावी तशा कन्नडात म्हणाला, "सरी अम्मा. वरच्या मजल्यावर आता कोण राहायला येणार आहे?"