दोन गोळ्यांमधले दिवस

कल्पना करा, तुमच्या हातात गोळ्यांची सात खणांची डबी आहे आणि तुम्हाला ती रिकामी ठेवायची आहे. काम एवढंच. नवी गोळी कपाटात आहे, आणि समोर तुमची बायको भिंतीकडे तोंड करून बसली आहे. काहीही विचारलं तरी "हं" म्हणते. तरीही दोन आठवडे काही द्यायचं नाही.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या रंगारीकाकांना हे जमलं नाही.

काका घरं रंगवतात. त्यांच्या नखांच्या कडांवरून सध्या कुणाच्या घराचं काम चाललंय ते अख्ख्या गल्लीला कळतं. काकूंना नैराश्याचा आजार बऱ्याच वर्षांचा. जुनी गोळी लागू पडेना, तेव्हा डॉक्टरबाईंनी ती बंद करून वेगळ्या गटातली लिहून दिली. "पण मध्ये दोन आठवडे जाऊ द्या," त्या बजावून म्हणाल्या. "जुनीचा अंमल अंगातून उतरायला वेळ लागतो. तोवर नवी दिली तर दोघी मिळून घात करतील."

काकांनी मान डोलावली. पण आठवडाभरात काकूंनी वेणी घालणं सोडलं, मग जेवणही. एके सकाळी काकांना ते बघवेना. माणूस डोळ्यांदेखत बुडतंय आणि आपण दोर कपाटात ठेवून बसलोय, असं त्यांना झालं. त्यांनी नवी गोळी दिली. दुसऱ्या दिवशीही दिली.

त्या दुपारी ते जेवायला घरी आले तर काकू चक्क उभ्या! या खोलीतून त्या खोलीत येरझाऱ्या घालत होत्या.

"अहो, ही खिडकी कसल्या मेल्या रंगाची! जगाची घरं रंगवता आणि स्वतःच्या घरात हा चिखल?"

"कुठला हवा, सांग."

"पिवळा! नको, निळा! चला, आत्ताच आणू."

आणि त्या खळखळून हसल्या. काकांना भरून आलं. कित्येक महिन्यांनी बायकोने टोमणा मारला होता. त्यांनी लगेच मुलीला कामावर फोन लावला. "तुझी आई परत आली गं!"

मुलगी सुट्टी टाकून धावत आली, आईला मिठी मारली आणि चमकली. अंग तापलेलं, पाठ घामाने चिंब. खाली बसवलं तर पाय आपोआप उडायला लागले, जबडा थरथरत होता.

"बाबा, काय दिलंत हिला?"

"नवी गोळी. दोनच दिल्या गं."

"रंगाचा पहिला हात ओला असताना दुसरा मारला तर कारागिरांना शिव्या घालता ना तुम्ही? आणि आईच्या वेळी धीर निघाला नाही?"

दवाखान्यात काकांनी काहीच लपवलं नाही. दोन्ही गोळ्यांची पाकिटं डॉक्टरबाईंपुढे ठेवली.

"या दोन्ही गोळ्या मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन वाढवतात," उपचार सुरू करून आल्यावर त्या म्हणाल्या, "वेगवेगळ्या वाटांनी. एकत्र आल्या की ते बेसुमार वाढतं. आधी बेचैनी, मग घाम, थरथर, ताप. उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं."

"ती बेचैनी होती?" काका म्हणाले. "मला वाटलं, बरी झाली."

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. "पुन्हा बघवेना झालं तर कपाट उघडू नका. मला फोन करा."

काकू वाचल्या. घरी आल्यावर डबी पुन्हा रिकामी. या वेळी काकांनी कामं पुढे ढकलली, नव्या गोळ्या मुलीकडे देऊन टाकल्या आणि काकूंसमोर स्टूल टाकून बसले.

"काय बघताय टक लावून?" काकू एकदा पुटपुटल्या. "मी काय ओली भिंत आहे?"

"गप बस. मान सरळ धर." काका त्यांची वेणी घालायला शिकत होते. ती रोज वाकडी व्हायची.

आता नवी गोळी रीतसर सुरू आहे. काकू जेवतात, दोन शब्द बोलतात. हसत मात्र नाहीत अजून. आणि डॉक्टरबाईंना एक गोष्ट विचारायची म्हणून काका दर वेळी ठरवून जातात आणि न विचारताच परत येतात. त्या दुपारी ती हसली, ते सगळं त्या गोळ्यांचंच होतं का? त्यातलं थोडंतरी तिचं स्वतःचं असेल ना?