शकुचे पाच वार
शुक्रवारी शकुनं लग्नात दोन जिलब्या खाल्ल्या आणि रविवारी तिचा नवरा भीमराज गेला. त्याच्या आजारात तिनं शुक्रवार धरला होता, तो मोडला. डॉक्टरांनी महिनाभर आधीच आशा सोडली होती, पण ते ऐकतंय कोण! मोडलेला उपास तेवढा हिच्या डोक्यात घट्ट बसला.

तेव्हापासून दहिसरच्या त्या चाळीत शकु गायकवाडएवढी पक्की ख्रिस्ती बाई शोधून सापडायची नाही. पोळीभाजी केंद्रात रोज तीनशे पोळ्या लाटायची आणि उपासाच्या दिवशी त्यातला तुकडाही तोंडात घालायची नाही. त्यात डायबेटिस. सकाळी इन्सुलिनची सुई मात्र न चुकता टोचायची. सुई घ्यायची आणि वर उपाशी राहायचं, म्हणजे स्वतःच्या हातानं खड्डा खणायचा.

तिच्या लेकीचं, ऋतिकाचं, पहिलं मूल पोटातच गेलं. दुसऱ्या खेपेला चर्चच्या महिला मंडळानं उपासाची साखळी धरली, सात बायका, सात वार. कुणाला पित्त झालं, कुणी गावाला गेली. सुटलेला प्रत्येक वार शकुनं उचलला. सातव्या महिन्यात पाच वार तिच्या एकटीचे होते, आणि भिंत धरल्याशिवाय तिला उठवत नव्हतं.

चर्चचे पाळकसाहेब घरी येऊन म्हणाले, "शकुबाई, देवाच्या कृपेला तुमच्या उपाशी पोटाचा टेकू लागत नाही. जरा विसावा की त्याच्यावर."

"तुमचं बरोबर आहे, साहेब," ती म्हणाली, आणि त्यांच्यापुढे चहा ठेवून स्वतः कोरडी बसली. विसावायचं म्हणजे नेमकं करायचं काय, हेच तिला कळत नव्हतं. आपण हात सोडला की बाळ जाणार, एवढंच तिला दिसत होतं.

गुरुवारी दुपारी ती पोळपाटावरच कोसळली. इस्पितळात शुद्धीवर आली तेव्हा हाताला सलाईन होतं आणि उशाशी ऋतिका, पांढरीफटक पडलेली.

"आज माझ्या जागी साखळीत कोण आहे गं?"

"कोणी नाही. आई, सकाळपासून बाळ हललं नाहीये."

सोनोग्राफीची खोली समोरच होती, ऋतिकाचा नंबर लागलेला. नर्सनं पुढे केलेली खिचडी शकुनं दूर सारली.

"आता तर घासही नको मला."

"तू उपाशी मेलीस तर हे वाचणार आहे का?" ऋतिका ओरडली. "खा आधी! नाहीतर मी आत जातच नाही, बस."

शकुनं घास उचलला. देवापुढे ठेवायला तिच्यापाशी आता काहीच उरलं नव्हतं. इतकी भीती तिला भीमराज गेला तेव्हाही वाटली नव्हती. "तुझं तूच बघ रे, बापा," ती म्हणाली आणि घास तोंडात घातला.

समोरून ऋतिकाच्या नावाचा पुकारा झाला. पोर पोटावर हात ठेवून आत गेली, दार लागलं. शकुच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. त्या बंद दाराकडे बघत तिनं दुसरा घास आपणहून उचलला.