एकट्याच्या मापाची पिशवी

वाटणीत मला कळंब्याच्या तळ्याखालचं रान आलं आणि एक बैल आला. घर थोरल्या भावानं ठेवलं. त्यात एक सोपा, म्हणजे दारापुढची पडवी, माझ्याही वाट्याचा होता, पण तो देताना त्यानं जे तोंड केलं ते मला आवडलं नाही. मी म्हणालो, "ऱ्हाऊ दे तुझा सोपा तुला. मी रानात ऱ्हातो." बोललो म्हणजे बोललो. माझं शिक्षण दुसरीपर्यंत, शब्द फिरवायची विद्या मला कुणी शिकवलीच नाही.

कोल्हापूर संस्थान विलीन झालं, त्याच्या पुढचा हा हिवाळा. बायको दिवाळीला माहेरी गेलती, नेसरीच्या अंगाला. वाटणी झाली तेव्हा ती तिकडंच होती. सासऱ्यांना सगळं कळलं आणि त्यांनी बाजाराला येणाऱ्या एका माणसाकडं निरोप धाडला. "जावयाला म्हणावं, डोस्क्यावर छप्पर आणि अंगाखाली अंथरूण बघितल्याबिगार पोरगी धाडत न्हाय. मी सोता येऊन बघून जातो."

मला राग आला नाही. त्यांची एकुलती एक लेक. त्यांच्या जागी असतो तर मीही तेच म्हणालो असतो, जरा जोरात म्हणालो असतो एवढंच.

छपराचं काम आठ-पंधरा दिवसांत उरकलं. चार मेढी रोवल्या, वर बांबू आडवे टाकले, उसाचा पाला शाकारला. वाकून आत जावं लागायचं, पण आत दोन माणसं, चूल आणि बाजूला बैल असं सगळं मावत होतं. राहिलं अंथरूण. तळ्यावरनं पहाटे धुकं सुटायचं ते खोपीच्या पाल्यातनं आत यायचं. अंगावर माझ्या एक धोतर दुहेरी केलेलं. बैल माझ्यापेक्षा उबेला होता.

वहिनी एकदा बांधापर्यंत आली. डोक्यावर वाकळ. आमच्या आईच्या जुन्या लुगड्यांची, आईनंच शिवलेली.

"भावजी, ही तरी घ्या. तळ्याकाठची थंडी लई वाईट."

"वाकळ घरातली हाय न्हवं? घर तुमचं."

"आत्याबाईंनी तुमच्यासाठीच शिवली असंल की."

"आईनं सोपा पण माझ्यासाठीच सारवला हुता."

तिनं वाकळ उतरवून बांधावर ठेवली, मी हात लावला नाही. मग वाकळ परत डोक्यावर घेतली आणि गेली. मी तिच्या पाठीकडं बघत राहिलो. थंडी तेव्हाही वाजत होती.

दुसऱ्या दिवशी मी चालत कोल्हापुरात गेलो. बाजारात घोंगड्या विणून विकणारा सनगर बसलेला. त्यानं मला बघितलं आणि काही न विचारता एक काळी घोंगडी उलगडली. तांब्याभर पाणी तिच्यावर ओतलं. पाणी वरच्या वर थरथरत राहिलं, खाली थेंब नाही.

"चिंचोक्याची खळ हाय, दादा. पाऊस थांबवती, तर थंडीची काय कथा? आणि रुंदी बघा. नवरा-बायको आणि मधी एक पोरगं, आरामात."

मी गालाला लावून बघितली. टोचत होती.

"टोचतीया."

"पैलं वरीस टोचणारच. मग ती तुम्हास्नी वळखाय लागती."

"मला ह्याच वर्षी झोपायचं हाय," मी म्हणालो आणि पुढं गेलो.

लक्ष्मीपुरीत एका दुकानात लढाईतला राहिलेला माल विकायला आलेला होता. बूट, पाण्याच्या बाटल्या, मच्छरदाण्या, आणि एका कोपऱ्यात हिरव्या कापडाच्या गुंडाळ्या. दुकानदारानं एक गुंडाळी सोडली. ती फुगायला लागली. बघता बघता माणसाएवढी झाली. वर रुंद, पायाकडं निमुळती, पोटावर पितळी चेन.

"ह्ये काय?"

"झोपायची पिशवी, पावणं. गोरं शिपाई बर्फात ह्यात झोपायचं. आत शिरायचं, चेन वढायची, तोंड तेवढं भाईर."

"बर्फात?"

"बर्फात. तुमच्या रानातलं धुकं म्हंजी हिच्यापुढं काय? शिरून बघा की."

मी शिरलो. तिथंच दुकानात, लोकांसमोर. दुकानातलं एक गिऱ्हाईक म्हणालं, "मक्याचं कणीस दिसतंय." बाकीचे हसले. मला त्यांचं हसू ऐकू आलं, पण अंगात अशी ऊब चढली की मी उत्तर द्यायचं विसरलो. वाटणीनंतर पहिल्यांदाच माझे खांदे खाली आले. टोचत काही नव्हतं, वास नव्हता, जड नव्हतं. घोंगडीपेक्षा महाग होती. तरी घेतली. सगळ्या कळंब्यात अशी वस्तू कुणाकडं नव्हती, हेही होतंच.

आता एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं समजणार नाही. आमच्याकडं घराचं अंथरूण बाजारातनं आणत नाहीत. ते बाईनं शिवायचं. जुनी लुगडी, फाटकी धोतरं जमवून ती वाकळ शिवते आणि मग ते घर होतं. पुरुषानं विकत आणायचं ते रानात राखणीला जाताना पाठीवर टाकायचं, त्याच्या एकट्याचं. तेव्हा मी माझ्यापुरतं आणलं. तिचं आणि घराचं ती आल्यावर शिवील, हे माझ्या मनात इतकं पक्कं होतं की त्याच्यावर विचारसुद्धा केला नाही.

सासरे आले ते दुपारच्या वेळेला. एस. टी.नं कोल्हापुरापर्यंत, तिथनं चालत. मी पाणी दिलं, गूळ दिला. त्यांनी खोपीच्या मेढी हलवून बघितल्या, छपराला वरनं हात लावला, चुलीजवळ वाकून धूर कुठनं जातो ते बघितलं. मान हलवली. मग म्हणाले, "अंथरूण?"

मी मोठ्या ऐटीत गुंडाळी सोडली. पिशवी फुगली. त्यांनी ती हातानं चाचपली, चेन वर-खाली केली, आत कोपरापर्यंत हात घातला.

"लई ऊबदार हाय, जावईबापू."

"मिलटरीची हाय, मामा. बर्फात चालती."

"व्हय. चालंल की." त्यांनी हात बाहेर काढला. "पर ह्यात माणूस एकच मावतंय."

त्या वेळी मला बोलता आलं असतं. आमच्यात वाकळ बाई शिवते हे त्यांनाही माहीत होतं, एका वाक्याचं काम होतं. पण ते माझ्याकडं अशा नजरेनं बघत होते, जसं घ्यायच्या बैलाच्या तोंडात दात बघतात. मी म्हणालो, "ती यील तवा बघू."

"तसं काय," ते म्हणाले.

त्यांनी टोपी नीट केली आणि उठले. जेवायला थांबले नाहीत. बांधावर वळून म्हणाले, "माणसानं एकटंच ऱ्हायाचं ठरिवलं आसंल, तर तसं सांगावं. पोरीला आशेला लावू ने."

मी आजही म्हणतो, पिशवी चांगली होती. थंडीचा एक टिपूस आत येत नव्हता. पण तिच्यात झोपायचं म्हणजे हात अंगाला चिकटवून, पाय जुळवून. कूस बदलायची तर सगळी पिशवीच बदलायची. घोंगडीत माणूस एकटा झोपला तरी शेजारी जागा राहते, हात पसरला तर रिकामी जागा तरी हाताला लागते. ह्यात तीसुद्धा नव्हती. आपलाच श्वास आपल्याच कानात. सकाळी चेन उघडून बाहेर आलं की रान पांढरं झालेलं असायचं. मी उसाला पाणी पाजायचो, भाकरी थापायचो, निम्मी खायचो आणि निम्मी संध्याकाळला ठेवायचो. कळंब्याची माणसं बांधावरनं जाताना विचारायची, "कारभारीण कवा येणार?" मी म्हणायचो, "येतीया." हळूहळू त्यांनी विचारायचं सोडलं. ते सोडल्यावर जास्त जड गेलं.

संक्रांतीच्या सुमाराला तो बाजाराचा माणूस परत आला. या वेळचा निरोप सासऱ्यांचा नव्हता. बायकोचा होता, त्यांना न सांगता धाडलेला.

"त्या म्हणाल्या, पिशवी उसवून पसरता येतीया का बघा."

"आणि काय म्हणाल्या?"

"एवढंच. म्या इचारलं, आनखी काय सांगू? तर म्हणाल्या, त्यास्नी एवढं बास हाय."

मी ते शब्द बरेच दिवस घोळवले. नवी कोरी वस्तू फाडायची? तिनं इकडं येऊन बघितली तर होती का? पण तिनं बोल लावला नव्हता, रडगाणं लावलं नव्हतं. उसवता येते का, एवढंच विचारलं होतं. एका दुपारी मी पिशवी बांधावर पसरली, विळा घेतला आणि वाकळ उसवतात तसं धाग्याला धरून वरनं खालपर्यंत ओढत गेलो. आत कापडाचे थर असणार, ते काढून मोकळे करायचे आणि रुंद करून परत टाचायचे, असा हिशेब.

आत कापड नव्हतं. आत पिसं होती.

पहिल्यांदा थोडी निघाली. मी ती आत कोंबायला गेलो, तर दुसऱ्या बाजूनं निघाली. तेवढ्यात तळ्यावरनं वारा आला. सगळं रान पांढरं. उसाच्या पात्यांवर पिसं, पाटाच्या पाण्यावर पिसं, बैलाच्या नाकाला चिकटलेली पिसं, आणि तो शिंकतोय. मी धावत होतो, मुठी भरत होतो, मूठ उघडली की परत उडत होती.

शेजारच्या रानातली म्हातारी गवताचा भारा घेऊन चालली होती. ती थांबली.

"काय रं, साऱ्या गावच्या कोंबड्या सोलल्यास व्हय?"

मी पुढच्या पिसांमागं पळालो.

"पिसं काढलीस, आता रस्सा कवा?" आणि भारा डोक्यावर तसाच ठेवून ती हसत गेली. बांधाच्या पलीकडं गेल्यावरही तिचं हसू येत होतं.

अंधार पडेपर्यंत मी पिसं गोळा केली. एक लहान गठुळं जमलं. बाकी सगळं तळ्याच्या बाजूला गेलं. पुढच्या बाजाराला त्या माणसाला गाठून निरोप दिला, "उसवली म्हणावं." पिसांचं सांगितलं नाही. त्याची तिला गरज नव्हती. ती येईपर्यंत मी चुलीपुढं गोणपाट पांघरून बसून राहात होतो, आणि बसल्या बसल्या डुलक्या घेत होतो.

ती आली. तिच्या हट्टापुढं नमून सासरे सोडायला आले होते, ते बांधावरच थांबले आणि परतीच्या गाडीची घाई सांगून निघाले. तिच्या काखेत गाठोडं होतं, जुन्या लुगड्यांचं. खोपीत वाकून शिरली. कोपऱ्यात हिरव्या कापडाची घडी पडलेली होती, ती उचलली. हलकी लागली म्हणून उलटी करून बघितली.

"आतलं कुटं गेलं?"

"उडालं."

तिनं कापड तोंडाशी नेलं. हसली की काय ते मला दिसलं नाही. मग गाठोडं सोडून बसली, लुगड्याचे तुकडे जुळवायला लागली. म्हणाली, "कापड चांगलं हाय. वरनं लावू. दोन-तीन दिसांत हुतंय."

मला तिला बरंच सांगायचं होतं. सोप्याचं, वहिनीचं, तिच्या वडिलांचं, दुकानात लोक हसले त्याचं. पण तोंड उघडलं की शब्द येईनात. एवढे महिने कुणाशी बोललोच नव्हतो. मी उठून बैलाला वैरण टाकली, आणि त्याच्या मानेवर हात ठेवल्यावर ते आपोआप यायला लागलं. एक एक करत सगळं त्याला सांगत गेलो.

सुई थांबल्याचं मला कळलं.

"ह्ये त्याला सांगतासा का मला?"

"तुला."

"मग माझ्याकडं बघून सांगा की."

मी वळलो. तिचं तोंड बघितलं आणि पुन्हा काही येईना. शेवटी परत बैलाकडं तोंड करून, त्याच्या मानेवरचा हात न काढता, राहिलेलं सांगून टाकलं. ती खाली मान घालून टाके घालत ऐकत होती.