पाय उचल, आता दे

आमच्या गाडीत गिअर टाकावा लागत नाही. ती ऑटोमॅटिक आहे. क्लच नाही, डाव्या पायाला काही काम नाही; रेस आणि ब्रेक, संपलं. तरीही गेली काही वर्षं ती चालवायला आम्ही दोघं लागत होतो. पाय माझा आणि कान माझ्या नवऱ्याचे.

गाडी म्हणजे दोन रांगा सीट आणि मागे उघडा डाला असलेली जुनी, परदेशी बनावटीची पिकअप. सावनेरकडच्या कोळसा खाणीवर कुठल्याशा ठेकेदाराच्या साहेबांना फिरवून फिरवून दमलेली. नवऱ्याने ती पहिल्यांदा घरी आणली तेव्हा धरमपेठेतल्या आमच्या गल्लीत ती वळेचना. मी गच्चीवरून ओरडले, "त्यापेक्षा रेल्वेचा डबाच आणायचा होता, निदान पाय पसरून झोपता आलं असतं!" ते खाली उभे राहून लहान मुलासारखे हसत होते. हसणारच. तरुणपणी मोटरसायकलवरून पडून त्यांचा डावा गुडघा कायमचा आखडलेला. क्लच दाबणं नशिबात नाही. पारशिवनीजवळ वडिलांच्या वेळचं शेत, आणि तिथे जायला आयुष्यभर बस, नाहीतर कुणाच्या तरी गाडीत मागची सीट. स्वतःच्या शेतावर दुसऱ्याच्या सवडीने जायचं, हे त्यांना फार लागायचं. ही गाडी त्यांची स्वतःची होती आणि तिला त्यांचा डावा पाय नको होता.

गाडीला एक दुखणं मात्र पहिल्यापासून होतं. दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना ती अडखळायची. इंजिन उगाच ओरडायचं आणि मग एक गचका. पण ते चालवत असताना मला हे कधी कळलंच नाही. नेमक्या त्या क्षणी ते रेसवरचा पाय जरासा उचलायचे. गाडी श्वास घ्यायची, गिअर पडायचा, मग पाय पुन्हा खाली. मी शेजारी बसून खुशाल डुलक्या घ्यायची.

मग काचबिंदूने त्यांचे डोळे नेले. हळूहळू, कडेकडेने. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितलं, तेव्हा त्यांनी घरी येऊन किल्ली माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "आता तू." नोकरीतून सुटून मी नुकतीच कुठे दुपारची झोप शिकत होते. त्याऐवजी गाडी शिकले.

माझ्या हातात गाडी गचके देऊ लागली. एकदा माझे दीर मागच्या सीटवर होते. "वहिनी, गाडी चालवून राहिल्या का जात्यावर दळण दळून राहिल्या?" मी म्हटलं, दोष गिअरबॉक्सचा आहे. "नाचता येईना, अंगण वाकडं," दीर म्हणाले. मी त्यांना तिथेच उतरवणार होते. तेवढ्यात शेजारून नवऱ्याचा आवाज आला.

"उचल."

"काय उचलू?"

"पाय उचल वं."

मी उचलला. गाडीने श्वास घेतला.

"आता दे."

मी दाबला. गचका नाही, काही नाही. दीर गप्प झाले, ते पार शेत येईपर्यंत.

तेव्हापासून आम्ही तसंच जायचो. त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळायचं, पण रस्ता मला तेच सांगायचे. कामठीची गर्दी सुटली की "उचल". कन्हानचा पूल ओलांडला की "उचल". आमडी फाट्याला वळून थोडं पुढे गेलं की पेंचचा कालवा. त्याच्या पुलाचा चढ संपताना सगळ्यात मोठं "उचल", कारण तिथे गाडी सगळ्यात जास्त कुरकुरायची. "कालवा आला पाहा," ते म्हणायचे, आणि मग मला तो दिसायचा. माहेरी नवऱ्याचं ऐकायची मला कुणी सवय लावली नव्हती. इथे मात्र मी बिनतक्रार ऐकायची. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. डोळे गेल्यापासून घरात ते प्रत्येक गोष्टीला मला हाक मारायचे आणि हाक मारताना ओशाळायचे. गाडीत मी त्यांच्याकडे मागायची आणि ते द्यायचे.

यंदाच्या पोळ्याला घोळ झाला. शेतावर बैल राहिले नाहीत, नांगरणी ट्रॅक्टरने होते. पण पोळ्याच्या आदल्या संध्याकाळची खांदशेकणी आमच्याकडे सुटली नाही. बैलाच्या खांद्याला पळसाच्या पानाने तूप-हळद लावायची आणि त्याला उद्याच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. बैल नाहीत म्हणून आम्ही ते गाडीला देतो. नवऱ्याने बॉनेट चाचपत दोन्ही बाजूंना हळद लावली आणि वाकून म्हणाले, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." दुसऱ्या दिवशी तिला पुरणपोळीचा नैवेद्य झाला. सगळं यथासांग झालं.

परतीच्या वाटेवर कालव्याच्या चढावर इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी पुढे सरकेना.

"उचल," ते म्हणाले. मी उचलला.

"दे." मी दिला. गाडी नुसती गुरगुरली, मग असा हिसका दिला की माझा चष्मा नाकावर आला.

"उशिरा उचलला तू. पुन्हा उचल." पुन्हा तेच. आमडी फाट्यापर्यंत ते सांगत राहिले, मी करत राहिले आणि गाडी दोघांनाही जुमानेना. कन्हानला पोचेपर्यंत त्यांचा आवाज बारीक होत गेला. कामठीत ते म्हणाले, "मलेच ऐकू येऊन नाही राहिलं वाटते आता." पुढे घरापर्यंत ते दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. डोळे गेले तेव्हाही मी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं. मला गिअरबॉक्सचं काही वाटत नव्हतं, तो लोखंडाचा आहे. ह्या माणसाचा स्वतःच्या कानांवरचा विश्वास उडाला तर मी तो कुठल्या दुकानातून आणू?

शहराला लागून असलेल्या वाडी गावात, जिथे ट्रकांची कामं होतात तिथे, एक मिस्त्री मिळाला. त्याने एक चक्कर मारून पाहिली आणि उतरून कपाळ पुसलं. "काकू, हे ऑटोमॅटिकचं लफडं काढून टाका. साधा गिअरबॉक्स बसवून देतो, क्लचवाला. काका थोडीच आता चालवून राहिले?"

तो वाईट बोलला नाही. बोलला ते खरंच होतं. तरी माझ्या अंगाची लाही लाही झाली. नवरा तिथेच स्टुलावर बसला होता. त्या गाडीत तिसरं पेडल बसलं असतं तर ती पुन्हा त्यांना नको म्हणणाऱ्या साऱ्या गाड्यांसारखी झाली असती. "गाडी त्यांची आहे," मी म्हटलं. "चालवत असोत की नसोत. दोनच पेडल राहतील. जमत असेल तर सांगा, नाहीतर मी चालले."

"अवं, थांब जरा," नवरा म्हणाला. मिस्त्री दचकून गाडीखाली शिरला.

त्याने गिअरबॉक्सचं तेल काढलं. ते लाल आणि पातळ असायला हवं, हे मला त्याच दिवशी कळलं. निघालं ते काकवीसारखं काळपट आणि जाड. "यात ट्रॅक्टरचं ऑइल कोणं टाकलं जी?" मिस्त्रीने विचारलं. मी शेत सांभाळणाऱ्या आमच्या गड्याला फोन लावला. तो मोठ्या अभिमानाने म्हणाला, "मीच टाकलं बाई. पोळा होता न! ट्रॅक्टरले पाजलं, पंपाच्या इंजिनाले पाजलं, मंग इलेच काहून उपाशी ठेवू?" करायला गेलो गणपती, झाला मारुती. त्याच्यावर काय रागवायचं? आमंत्रण तर आम्हीच दिलं होतं.

नवऱ्याला मी ते तिथल्या तिथे सांगितलं. "ऐकलं का? तेल चुकलं होतं. तुमचे कान ठणठणीत आहेत." ते इतके हसले की डोळे पुसावे लागले.

गाडी मिस्त्रीकडेच ठेवून आलो. आणायला गेलो तेव्हा त्याने उत्साहाने सांगितलं, "काकू, आतून पूर्ण साफ केला, फिल्टर नवा, लाल तेल. अन् ते दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधातलं जुनं दुखणं होतं न, एक वॉल्व अडकून राहिला होता, तेबी काढलं. आता लोण्यावानी चालन." ते त्याला करायला कुणी सांगितलं नव्हतं. मी आभार मानले. नवऱ्यानेही मानले, पण जरा थांबून.

पुढच्या रविवारी शेतावर निघालो. गाडी खरोखर लोण्यासारखी चालली. कामठीची गर्दी सुटली, मी सवयीने कान टवकारले, आणि गिअर आपोआप पडून गेला. कन्हानचा पूल आला आणि गेला. ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "कामठी गेली काय?"

"कन्हान पण गेलं," मी म्हटलं.

"अस्सं," ते म्हणाले.

इतकी वर्षं रस्ता मला सांगणारा माणूस आता मला रस्ता विचारत होता. बरोबर बसलेल्या माणसाची आठवण यावी असा हा कसला प्रकार! पण मला आठवण येत होती, त्यांच्या आवाजाची, त्या जराशा थांब्याची, गाडी श्वास घेऊन आम्हा दोघांची वाट पाहायची त्याची. मिस्त्रीकडे परत जाऊन आमचा बिघाड परत मागावा असंही मनात आलं.

आमडी फाट्याला वळल्यावर मी म्हटलं, "सांगत का नाही जी?"

"काय सांगू? गाडी आपल्या मनानं घेऊन राहिली. तिले आता माही गरज नाही."

"तिला नसेल. मला आहे."

दोन्ही बाजूंना धान पोटरीला आलं होतं. खिडकीतून धानाच्या पाण्याने भरलेल्या बांधीचा वास आत येत होता. कालव्याचा चढ लागला आणि गाडी कुरकुर न करता वर चढली. चढ संपताना गिअर हळूच पडला, आणि तो त्यांनीही ऐकला, कारण त्यांची मान तेवढ्यापुरती वळली. मी रेसवरचा पाय तसाच ठेवला.

"कालवा आला पाहा," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "उचल."

मी पाय उचलला. गाडी मंदावली. मागून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न वाजवला, एकदा, मग जरा चिडून पुन्हा. मी पाय वरच धरून ठेवला आणि ते "दे" म्हणण्याची वाट पाहत राहिले.